घोड्यांना वर्ज्य

घोडा नसलेल्या वसाहतीत घोड्यांसाठी इतका भांडलेला माणूस अख्ख्या दिल्ली परिसरात दुसरा सापडणार नाही. ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, गाझियाबादमधल्या आमच्या नव्या सोसायटीच्या सभेत नऊ सभासद हजर होते. मी खजिनदार. कण्हेरीच्या कुंपणासाठी मी अठराशे रुपये मांडले नि आठ हात वर गेले. नववे वरच्या मजल्यावरचे डॉक्टरकाका, लष्करातून निवृत्त झालेले घोड्यांचे डॉक्टर. ते उठून म्हणाले, "कण्हेर विषारी असते. मूठभर पानांत घोडा जातो." कुणीतरी विचारलं, "डॉक्टरसाब, पर घोड़ा है कहाँ?" सभा हसली, मीही हसलो, ठराव पास झाला.

काकांना झाड दिसलं की त्याच्यासमोर घोडा दिसायचाच. बागेतली घाणेरी, रस्त्याकडेचा एरंड, सगळ्यांशी त्यांचं वैर. आमच्या हिने गच्चीतले टोमॅटो कौतुकाने दाखवले, तर म्हणाले, "फळ उत्तम आहे वहिनी, पण पाला घोड्याला घालू नका." तिने अजून घातलेला नाही.

दोन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं, पंजाबी घरात. इकडच्या रिवाजाप्रमाणे जावई घोडीवर. वरात दीड तास नाचत राहिली आणि भुकेलेली घोडी आमच्या फाटकाशी येऊन थांबली. तिथेच माळ्याने छाटलेली कण्हेर सुकत पडली होती. सगळे बँडकडे बघत होते, काका घोडीकडे. तिने मान खाली घातली मात्र, काका बंद गळ्याच्या कोटात धावले, डाव्या हाताने तिची जीभ बाजूला ओढली आणि उजव्या हाताने तोंड साफ केलं. पानं चुरगळली होती, गिळलेली नव्हती. तरी त्यांनी नवरदेवाला खाली उतरवलं आणि तिच्या छातीला कान लावून उभे राहिले.

मुलाचे मामा भडकले. दूल्हा पैदल जाएगा?

काका घोडीवाल्याकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "दूल्हा पैदल पहुँचे तो शादी नहीं टूटती. इसकी यह एक ही घोड़ी है. यह गई, तो इसका घर टूटेगा."

जावई हसला आणि फेटा सावरत मांडवापर्यंत चालत आला. अर्ध्या तासाने काकांनी "ठीक है" म्हटलं, तेव्हा भडकलेल्या मामांनीच त्यांना खांद्यावर घेतलं आणि बँड दुसऱ्यांदा वाजला. पुढच्या सभेत कण्हेर उपटायला नऊच्या नऊ हात वर गेले.

काका आता मुलाकडे नागपूरला असतात. वरच्या मजल्याला कुलूप आहे. मी मात्र कुठल्याही वरातीत आधी घोडीच्या पायाशी काय पडलंय ते बघतो.

लग्नाच्या त्या संध्याकाळी व्याह्यांनी घोडीवाल्याला ठरलेले सहाशे रुपये पुरते दिले. काकांनी फी घेतली नाही. मी त्यांना मानाची शाल दिली. थंडी फार होती. काकांनी ती शाल घोडीच्या पाठीवर घातली, आणि घोडी ती घेऊनच गेली.