साखराबाईची वई

साखराबाईचा भरवसा दोनच गोष्टींवर होता, एक स्वतःच्या हातांवर आणि दुसरा बाभळीच्या काट्यांवर. निलंग्यापासून दोन कोसांवर तिचं सहा एकर काळं रान होतं. निजामाच्या राजवटीत, फसली तेराशे चाळीस साली नवरा पटकीनं गेला, मागे ही जमीन, तान्ही सिंधु आणि एक विहीर ठेवून. विहिरीवर मोट चालायची म्हणून मिरची पिकायची, आणि मिरची पिकायची म्हणून मायलेकींना कुणापुढं हात पसरावा लागत नव्हता.

विहिरीच्या पलीकडं गुरुबसप्पाचं शेत. मधे वई, म्हणजे काट्यांचं कुंपण. या वईपायी बाईच्या जिवाला बारा वर्षं स्वस्थता नव्हती. गावात लोक नाना तऱ्हेनं आडोसे करत. परसाला तुराट्यांचा कूड, गाडीवाटेला घायपात, माळाकडच्या रानाला दगडांचा गडगा. गुरुबसप्पानं तर एकदा शेराच्या फांद्यांची गाडीच पाठवली होती.

"लाव अक्का. जितं कुंपन हाय, जागचं हलत न्हाई," असा वर निरोप.

बाईनं गाडी तशीच परत धाडली. शेराचा चीक डोळ्यात गेला तर बैल आंधळा होतो. हा शेजारी उगाच उदार होईल होय?

तिचं आपलं ठरलेलं. दिवाळी झाली की बाभळी सवळायच्या, छाटलेल्या फांद्या ओढत आणायच्या, बुंधे आपल्याकडं आणि काटे त्याच्याकडं करून रचायच्या. जुनी वई काढायची नाही. जुनीवर विश्वास नाही आणि नवीवरही नाही, तेव्हा दोन्ही असू द्याव्यात. आणि गुरुबसप्पाच्या रानात पाऊल टाकायचं नाही, ही तर शपथच. उद्या म्हणेल, बाई माझ्या शेतात काय करत होती?

एवढं करूनही वई सरकत होती. दर साली ती विहिरीच्या काठापासून वईपर्यंत हातानं मोजायची. नवरा गेला तेव्हा सोळा हात होते. पुढच्या साली पंधरा, मग चौदा. यंदा चार. मेला हातभरच खातो, कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून, असं ती सिंधुला सांगायची. तिनं वईलगतची माती भुसभुशीत करून ठेवली, की पायांचे ठसे सापडावेत. सापडले ते तिच्याच कुत्र्याचे. मग काही दिवस तिला कुत्र्याचाही संशय आला.

असंच चाललं तर चार वर्षांनी विहीर त्याच्याकडं जाणार होती. विहीर गेली की मिरची गेली, आणि मग मायलेकींनी दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन जायचं. शेवटी ती मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन निलंग्याला गेली आणि अर्जनवीसाकडून उर्दूत अर्ज लिहून आणला. त्यानं आत नेमकं काय लिहिलं, याचाही तिला घोर होताच.

महिन्याभरानं सरकारी गिरदावर जमीन मोजायची साखळी घेऊन आला. साखळी वईवरून पलीकडं गेली. गुरुबसप्पाच्या ज्वारीत, बारा हातांवर, शिपायानं कुदळ घातली आणि हद्दीचा धोंडा खणकन वाजला.

"बगा साहेब! चोर घावला!" साखराबाई ओरडली. गुरुबसप्पा मान खाली घालून उभा होता.

गिरदावर मात्र वईजवळ उकिडवा बसून काठीनं माती उकरत होता. वाळवीनं खाल्लेले काटे, त्यापलीकडं त्याहून जुने, नुसता भुगा झालेले.

"बाई, वई कौन डालता?"

"मीच. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई."

"जुनी निकालते?"

"न्हाई. तिच्या आतल्या अंगाला नवी घालते. ह्याच्या रानात मी कशाला जाऊ?"

"फिर वई अंदर चलेगीच ना, बाई!"

साखराबाईनं वईकडं बघितलं, मग पलीकडच्या धोंड्याकडं. बारा वर्षं ती स्वतःचं रान हातभर हातभर करून शेजाऱ्याच्या पदरात घालत होती, तेही हाताला काटे टोचून घेऊन. गिरदावरानं धोंड्यापासून हद्द लिहिली, अंगठे घेतले आणि तो घोड्यावर बसून गेला. विहीर वाचली, पण बाईला गोड लागेना. ती गुरुबसप्पावर धावून गेली.

"तुला दिसत व्हतं नव्हं? मग बारा सालं गप कामून बसलास?"

"पैल्याच साली सांगाया आल्तो, अक्का. तू दारातूनच म्हनलीस, नवऱ्याची राख निवली न्हाई तवर जमीन बगाया आला का? मी पुना आलो न्हाई. मंग मीबी पेरत गेलो. गोडी लागली, खोटं कशाला बोलू?"

साखराबाईला तो दिवस लख्ख आठवला. तो पायरीवर उभा होता, काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, आणि तिनं धाडकन दार लावलं होतं. तिला फार लाज वाटली. माणसाला दोन शब्द बोलू दिले असते तर बारा वर्षं अशी जळत गेली नसती.

बाभळीच्या फांद्यांचा ढीग तसाच पडला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अण्णा, औंदाची वई तू घाल."

"मी?"

"हाव, तूच. मी बगाया बी थांबत न्हाई."

आणि ती घराकडं निघाली. जाताना तिनं तीनदा मागं वळून बघितलं, पण गेली.