दारातली भाकरीची खूण

आई गेल्यावर बा जेवेनासा झाला. अन्नावर रुसला असं नव्हे. ताट वाढलं की मुकाट बसायचा, मी समोर आहे म्हणून दोन-चार घास गिळायचा आणि हात धुवायचा. दवाखान्यात दाखवलं, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. दोष कशातच निघाला नाही. "यांना खायला घाला," एवढंच डॉक्टर म्हणाले. दिवाळीपर्यंत त्याची पँट कमरेवर राहीना, सुतळी बांधावी लागली. शेजारच्या बायका माझ्या देखतच म्हणायच्या, हा म्हातारा पुढचा पावसाळा बघत नाही.

त्या दिवसांत देवाचं नाव माझ्या तोंडी येत नव्हतं. आई गेली आणि पंधरवड्याने माझा बी.ए.चा निकाल लागला. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली. पंधरा दिवस तिला थांबवणं ज्याला जमलं नाही त्याच्यापुढे हात कशाला जोडायचे, असं मला वाटे. काल्हेरच्या एका गोदामात मी कारकुनीला लागले होते. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, बाच्या ताटाकडे बघायचं आणि उरलेलं झाकून ठेवायचं.

आमचं मूळ गाव पडघ्याच्या आतल्या बाजूला. जमीन थोडी, म्हणून बा तरुणपणीच भिवंडीत लूमवर आला. आयुष्यभर त्या खटखटीत उभा राहून त्याचे कान गेले. कारखान्यात तसंही कुणी तोंडाने बोलत नाही. ओठ हलतात, हात हलतात आणि माणसं समजून घेतात. आई घरी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि दुपारी बाची भाकरी घेऊन कारखान्याच्या दारात जायची. हाक मारून उपयोग नाही, म्हणून प्रत्येकीची काहीतरी खूण असे. कुणी डबा उंच धरी, कुणी पदर हलवी. आई दोन्ही तळवे एकमेकांवर थापायची, परातीत भाकरी थापतात तसे. शेजारच्या लूमवरचे रशीदभाई हसून बाला कोपर मारत. "भाई, भाभीने रोटी ठोक दी. जल्दी जाओ, नहीं तो तुमको ठोकेगी." बा मान खाली घालून हसायचा आणि उजवा पंजा वर करायचा. म्हणजे, एवढा ताका, लूमवरचा कापडाचा तागा, उतरू दे, येतो. ती खूण त्या दोघांचीच होती. मला तिची लाज वाटायची. मी बाला बोलवायचं झालं तर खांद्याला हात लावी.

आईने जग असं फार पाहिलं नव्हतं. वज्रेश्वरीचा डोंगर, अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, आणि एकदा गल्लीतल्या बायकांबरोबर एस.टी.ने अलिबागचा समुद्रातला कुलाबा किल्ला. त्या किल्ल्याने तिला वेडच लावलं होतं. बुरूज, तोफा, दरवाजावरचं कोरीवकाम, हे तिने बघितलंही नसेल. तिच्या लक्षात राहिला तो आतला गणपती आणि त्याच्याजवळचं पाणी. "चारी बाजूंनी खारा दर्या, आन मधी गोड पाणी," ती पुन्हा पुन्हा सांगे. "ज्यानं ते राखलं तो आपलंबी राखंल." तिथेच ती नवस बोलली होती, पोरगी पदवीधर झाली की तिघं ओहोटीच्या वाटेने चालत येऊन नारळ वाढवू.

मला जायचं नव्हतं. आता तिघं कुठून आणायची? शेजारच्या काकूंनी टोचून पाहिलं. "देवाचं ठेवू नये, बाय. पण तू बी.ए. झालीस. तू देवालाच सर्टिफिकेट मागशील." तरी मी ऐकलं नाही. मग एका संध्याकाळी बा आपणहून बोलला. आई गेल्यापासून तो आपणहून बोलला असं क्वचितच झालं होतं. "जाऊन येऊ. तिचा शब्द हाय." मी रजा टाकली.

माघी पौर्णिमेला आम्ही अलिबागला मुक्कामी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर किनाऱ्यावर गेलो. इतकं धुकं मी आमच्या माळावरही पाहिलं नव्हतं. एरवी इथे सहलीच्या पोरांची, फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते म्हणे. त्या दिवशी एक टांगेवाला आणि त्याचा घोडा, एवढेच दोघे उभे होते.

"बसा की ताई. बाबांना कशाला भिजवताय?"

"चालत येण्याचा नवस आहे," मी म्हटलं.

"कुठले तुम्ही?"

"भिवंडीचे."

"म्हणजे सुताशी ओळख, पाण्याशी न्हाय," तो हसला. मग हसणं सोडून म्हणाला, "ओहोटी संपत आलीय. दर्शन घ्या आन लगेच माघारी फिरा. पाणी समोरनं येत न्हाय, बाजूनं येतं. कळत न्हाय."

मी बाच्या समोर उभी राहून ओठांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. ओल्या वाळूवरून आम्ही चालू लागलो. पुढे काही दिसत नव्हतं, मागचा किनाराही पुसला गेला होता. आणि अचानक डोक्यावर काळी भिंत आली.

किल्ल्याच्या आत गेलो आणि माझ्या कानांत दुखायला लागलं. भिवंडीत लूम चोवीस तास चालतात. वीज गेली की त्या शांततेनेच आम्ही दचकून जागे होतो. इथली शांतता तशीच होती, कुणीतरी खटका दाबून सगळं बंद केल्यासारखी. बा मात्र तटाच्या भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"चालू हाय," तो म्हणाला.

"काय चालू आहे?"

"आतमधी. लूम चालल्यावानी." मीही हात लावला. दगड गार होता आणि आत खोलवर काहीतरी ठोके देत होतं. लाटाच असतील. पण मी हात चटकन काढून घेतला.

देवळात पुजारी होते. त्यांनी नारळ वाढवला, आईचं नाव विचारून घेतलं. बाने ते गोड पाणी ओंजळीने प्यायलं, प्रसाद मात्र हातातच ठेवला. "भायेर हाय मी," असं खुणेने सांगून तो उठला. पुजाऱ्यांनी माझ्या हातात घरून आणलेलं आईचं पितळी तबक परत दिलं. त्यात वाढवलेल्या नारळाच्या वाट्या होत्या, ओली फुलं होती आणि अजून तेवत असलेलं निरांजन होतं. ते विझू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून मी बाहेर आले.

बा तोफांपाशी नव्हता. दरवाजाशीही नव्हता. मी पुढे निघून गेले असं समजून तो एकटाच निघाला होता. दरवाजातून उतरून मी खडकावर आले तेव्हा धुक्यात त्याची पाठ दिसली. मघाशी जिथून कोरडे आलो होतो तिथे पाणी होतं. ते बाच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं आणि तो किनाऱ्याकडे नाही, बाजूला, उघड्या समुद्राकडे चालला होता.

मी ओरडले. "बा! बा!" मला माहीत होतं त्याला ऐकू जाणार नाही, तरी ओरडत राहिले. दुसरं काय करणार? खडक शेवाळाचे, पाय ठरेना. पाणी त्याच्या मांड्यांना लागलं. वाट चुकल्यासारखा तो चालत नव्हता. कामावर निघालेल्या माणसासारखा नीट, एका चालीत चालला होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. माझा घसा बसला. तबक खाली ठेवावं हेही सुचलं नाही. मी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. आता तू बघ." हे मी देवाला म्हणाले की आईला, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

डोळे उघडले तेव्हा बा थांबला होता. वळून बघत होता. माझ्याकडे नाही. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे, दरवाजाकडे होती. मग त्याने मान खाली घातली आणि तो हसला. ते हसू मी लहानपणी कारखान्याच्या दारातून पाहिलं होतं. पाणी नसल्यासारखा तो सरळ परत आला.

मी मागे वळले. दरवाजाची कमान होती, ओला उंबरठा होता आणि धुकं होतं. कुणी नव्हतं. तव्यावर भाकरी भाजल्याचा वास मात्र येत होता.

बा खडकावर चढला. "आलो ना," तो म्हणाला. "किती वेळ थापशील? हात दुखतील."

"काय थापलं?"

"दारात उभी राहून भाकरीची खूण केलीस ती." आणि मग त्याने माझे हात पाहिले. दोन्ही हात तबकात गुंतलेले, निरांजन अजून जळत होतं. त्याने एकदा दरवाजाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू नव्हतीस," तो म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

पाणी वाढलं होतं, संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत निघणं शक्य नव्हतं. पुजाऱ्यांनी आम्हाला घरात नेलं. देवळामागे एक खोली, चुलीशी त्यांची बायको. टोपलीत तांदळाच्या भाकऱ्यांची चळत होती. पुजारी तिच्यावर तापले होते. "दोन माणसांना एवढ्या? दर्यातले मासे जेवायला बोलावलेस काय?"

"पीठ हातातून जास्त पडलं," ती म्हणाली. "मग वाटलं, पडलं तर पडलं. कुणीतरी येत असंल."

मी विचारलं, "मावशी, मघाशी तुम्ही दरवाजात आला होता का?"

"न्हाय गो बाय. पहाटपासनं चुलीम्होरनं उठले न्हाय. इथं दुसरी बाईमाणूस तूच."

तिने बापुढे पान मांडलं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. बाने भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. मग दुसरी मोडली. मग मान वर न करता म्हणाला, "अजून एक दे." मी उठून बाहेर गेले आणि त्या गोड पाण्याशी बसून खूप रडले.

त्यानंतर बा बरीच वर्षं जगला, घरचं पोटभर जेवून. दारात कोण होतं हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानेही तो विषय काढला नाही. कुणी म्हणेल, धुक्यात म्हाताऱ्याला भास झाला. असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझा आवाज जिथे पोचत नव्हता तिथे एक खूण पोचली आणि ती करायला माझे हात मोकळे नव्हते. तोपर्यंत मला वाटे, सगळं मीच धरून ठेवलं आहे: घर, नोकरी, बाचं जेवण. त्या खडकावर मी हातातलं काहीच सोडलं नाही, फक्त मनातलं सोडलं. राखणाऱ्याने राखलं. त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी धुकं गेलं, वाळू उघडी पडली. उतरता उतरता बा मागे राहिला म्हणून मी थांबले. किल्ल्याच्या दरवाजाकडे तोंड करून तो उभा होता. दरवाजात अंधार भरत आला होता, मला तिथे काही दिसलं नाही. बाने मान खाली घातली आणि उजवा पंजा वर केला.

एवढा ताका उतरू दे. येतो.