खंडेनवमीच्या पाटावरचा ओपनर

माझी सून बेडरूमच्या फरशीवर बसून, दोन गुडघ्यांत वाइनची बाटली धरून, तिच्या बुचात स्क्रू पिळत होती. शेजारी तिच्या सासऱ्यांची पक्कड. भर दुपारी. मी धुतलेले अभ्रे ठेवायला आत शिरले, तर तिनं घाईघाईनं बाटलीवर ओढणी टाकली. ओढणी टाकून बाटली लपते होय? उलट बाटलीनंच डोक्यावरून पदर घेतल्यासारखं दिसायला लागलं.

"आई, ऑफिसात दिली. प्रमोशनची."

"प्रमोशन? कधी झालं?"

"मागच्या महिन्यात."

एकाच घरात, एकाच कुकरमधला भात खाणारी माणसं आम्ही, आणि मला महिनाभर पत्ता नाही. मी अभ्रे ठेवले आणि बाहेर आले. राग असा आला होता की चहात दोनदा साखर घातली.

राग बाटलीचा नव्हता. आमचे हे एमआयडीसीत फिटर होते, आता रिटायर. दर शनिवारी हॉलमध्ये, टीव्हीसमोर, मांडी घालून दोन पेग घेतात आणि मी वर त्यांना कांदाभजी तळून देते. मुलगा गच्चीवर बियर पितो, ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत. त्यात कुणाचं काही बुडत नाही. आणि जिनं स्वतःच्या अकलेवर बाटली कमावली, तिनं ती फरशीवर बसून चोरासारखी उघडायची! वा रे आमचं सुसंस्कृत घर!

शिवाय माझ्या पोटात एक भीती होतीच. पोरगा कधीपासून बदलापूरच्या नव्या टॉवरची माहितीपत्रकं आणत होता. "बघायला काय जातंय," म्हणायचा. एकदा सून त्याला फोनवर म्हणताना मी ऐकलं, "तिथे निदान फ्रीज तरी माझा असेल." माझा फ्रीज काय तिला खायला उठत होता? पण आता कळलं, फ्रीजचा प्रश्नच नव्हता. ही दोघं गेली तर या घरात मी आणि हे आणि यांचा टीव्ही. नको रे बाबा. मी ठरवलं, बाटली उघडायचं यंत्र आपणच आणून हातात द्यायचं. म्हणायचं, घे, हे घर तुझं आहे. राहा.

अंबरनाथ पूर्वेला घ्यायची सोय नाही, प्रत्येक दुकानदार ओळखीचा. म्हणून शेअर रिक्षा बदलत उल्हासनगर कॅम्प तीन गाठला. भांड्यांच्या दुकानातल्या सिंधी काकांना हळूच म्हटलं, "वो बूच निकालने का होता है ना?"

"कौनसा बूच?"

"बाटली का."

"अच्छा, वाइन का ओपनर!" त्यांनी असं ठणकावून सांगितलं की कॅम्प चारपर्यंत गेलं असेल. आणि माझं नशीब बघा, शेजारी डबा घेत उभी होती आमच्या भजनी मंडळातली पेटीवाली. "वहिनी, तुम्ही?" मी म्हटलं, "तेलाचा डबा उघडायला हो. झाकणं फार घट्ट येतात हल्ली." तिनं मान डोलावली. विश्वास बसला नाही, ते दिसलंच.

काकांनी काउंटरवर चार नमुने मांडले. आयुष्यभर सोऱ्या, खिसणी, पुरणयंत्र पारखून घेतलंय, इथे काय घाबरायचं? पहिला साधा, आडवी मूठ आणि खाली मळसूत्र. तो ओढायला पैलवान लागतो, सून माझी काडीपैलवान. दुसरा घडीचा, छोट्या चाकूसकट, हॉटेलातले वेटर वापरतात तो. त्याला सराव हवा. तिसरा सेलवर चालणारा. ऐन वेळी सेल संपले की काय बाटली आपटायची? चौथ्याला दोन हात होते. मळसूत्र आत गेलं की हात वर येतात, दोन्ही दाबले की बूच आपोआप बाहेर. हा बाईमाणसाचा. त्यातही दोन प्रकार निघाले. एकाचं मळसूत्र भरीव, सुताराच्या गिरमिटासारखं, ते बुचाचा भुगा करतं म्हणे. दुसऱ्याचं तारेच्या वेटोळ्यासारखं, मधून पोकळ. तेच घेतलं. आधी लोहचुंबक लावून स्टील तपासलं. याने नारळ सोलता येईल का, तेही विचारलं. मग म्हटलं, "डेमो दिखाओ."

"आंटी, बोतल आप लाओ, डेमो मैं देता हूँ."

पैसे दिले आणि पिशवी उचलली.

आणलं खरं, पण द्यायचं कसं? सुनेला समोर बसवून काय सांगायचं, 'घे बाई, पी'? जीभ रेटेना. आज देऊ, उद्या देऊ करत ते मी यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाला दडवलं. म्हटलं, रिटायर झाल्यापासून हे पेटीला हात लावत नाहीत.

विसरले काय, तर वर्षातून एकदा लावतात. खंडेनवमीला.

रविवार होता. बदलापूरपलीकडच्या गावातून वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, दसऱ्याला मुक्कामाला आलेल्या. बाई कडक, गळ्यात माळ. यांनी पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडी, पक्कड मांडली आणि मधोमध, दोन्ही हात वर केलेला, तेलपाणी करून चकचकीत केलेला ओपनर! हळदकुंकू लावून, मळसूत्रात झेंडू खोवून. त्यांना वाटलं, कंपनीतलंच काहीतरी, कुठल्याशा व्हॉल्व्हचं.

"आन् ह्या काय रं?" वन्संनी बोट केलं.

मुलगा खोकायला लागला. सून पांढरीफटक पडली. माझ्याकडे बघत पुटपुटली, "आई, माझं नाही हे. खरंच." तिला वाटलं, मी तिला सगळ्यांसमोर उघडं पाडायला मांडलंय!

"तुझंच आहे," मी म्हटलं. "मी आणलंय तुझ्यासाठी. वन्सं, त्याने वाइनची बाटली उघडतात. हिला प्रमोशन मिळालंय."

यांच्या हातातली घंटा थांबली. वन्संनी ओपनरकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, बराच विचार केला आणि निकाल दिला. "हत्यार पूजेला बसलंय. आज हात लावायचा नाय. काय फोडायचं ता उद्या फोडा."

धर्म म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दारू चालते, मुहूर्त चुकता कामा नये.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि सुनेनं ओट्यावर, दिव्याच्या उजेडात, सगळ्यांदेखत बाटली उघडली. आधीच्या स्क्रूनं बूच कुरतडलेलं, म्हणून वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. हे डोकावले, "मला?" म्हटलं, "तुमचा शनिवार." मी एक घोट घेतला. शी! चिंचेचा कोळ बरा. सून पोट धरून हसली, इतकी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती. मी मनात म्हटलं, जमलं.

मग तिचं हसू उतरलं. तिनं माझा हात धरला.

"आई, बदलापूरच्या फ्लॅटचं टोकन आम्ही मागच्या आठवड्यातच दिलं. तुम्हाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

मागच्या आठवड्यात. म्हणजे ओपनर पेटीच्या तळाशी होता आणि मी आज देऊ, उद्या देऊ करत होते तेव्हा. "अगं, चांगलंच झालं की," मी म्हटलं, आणि पेला घेऊन हॉलमध्ये आले.

"डोल्यांत पानी कशाला गं?" वन्संनी विचारलं.

म्हटलं, "चढली."