चुन्याखाली गेलेली रेघ

संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या माणसाला शोभू नये असा संशय त्या नवरात्रात माझ्या मनात घर करून होता. आपली प्रार्थना कुणी ऐकते तरी का? नव्वदीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. पाठशाळेनंतर मी भूगर्भशास्त्राकडे वळलो आणि सातपुड्यापलीकडच्या एका भूमिगत खाणीत तांब्याचे साठे शोधण्याच्या कामावर रुजू झालो. खडकात छिद्रे घेणारी माझी टोळी सगळी शिंदखेड्याकडची. भुसावळला गाडी बदलून आम्ही बरोबरच जात-येत असू. त्यामुळे खाणीच्या बोगद्यातही खानदेशच नांदे. तीच बोली, डब्यातल्या कळण्याच्या भाकरीचा तोच वास. आज नशिराबादच्या घरी ती माणसे आठवली की जीव हळवा होतो.

जुना साठा संपत आला होता आणि खनिजाच्या नव्या शिरेसाठी घेतलेली सारी छिद्रे कोरडी गेली होती. मंजुरी एकाच छिद्राची उरली होती. तेही वाया गेले, तर खाण बंद होऊन ही माणसे मुलाबाळांसह रिकाम्या हाताने गावी परतणार होती. यंत्र कोणत्या दिशेला रोखायचे, त्याची तांबडी रेघ मोजणीदाराने बोगद्याच्या भिंतीवर आखून दिली आणि तो रजेवर गेला.

खंडेनवमीला गावी जाणे जमले नाही, म्हणून टोळीचे वडीलधारे नाना यांनी हत्यारांची पूजा बोगद्यातच मांडली. भिंतीशी देवीची तसबीर ठेवली, यंत्र धुऊन पूर्वाभिमुख केले, त्याला झेंडूची माळ घातली. मंत्र मी म्हटले. दसऱ्यानंतर काम सुरू झाले, पण वरच्या कामांमुळे मला लगेच खाली उतरता आले नाही. उतरलो तेव्हा छिद्र निम्मे झाले होते आणि भिंत पांढरीशुभ्र होती.

“नाना, रेघ कुठे आहे?”

“काया दगडपुढे देवी बसाडतस का, भाऊ? बठ्ठा चुना मारी टाका आम्ही.” काळ्या दगडापुढे देवी नको, म्हणून त्यांनी सारी भिंतच चुन्याने रंगवली होती.

“मग यंत्र कशावरून रोखलंत?”

“पूजाले जसं व्हतं, तसंच शे.”

“अहो, मग मला कसं दिसलं नाही?”

मागून कुणीतरी म्हणाले, “चुना तवयच व्हता, भाऊ. पन तुम्हना डोया मिटेल व्हतात!”

सगळे हसले. लोखंडापासून दूर जाऊन मी होकायंत्र धरले. छिद्र ठरल्या दिशेपासून बरेच पूर्वेला सरकत चालले होते. नव्याने आरंभ करण्याइतकी मंजुरी उरलीच नव्हती. यंत्र थांबवण्यासाठी मी हात उचलला.

“मंग बंद करू का?” नानांनी विचारले. त्यांचा आवाज इतका दबलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी तिथेच एका पेटीवर बसलो. जन्मभर पाठ केलेल्या स्तोत्रांतला एक चरणही ओठांवर येईना. आले ते माझ्या आईच्या बोलीतले शब्द, “माय, आते तूच देख.” आई, आता तूच बघ, एवढेच. त्यानंतर मन विलक्षण शांत झाले. हात खाली घेऊन मी नानांना म्हणालो, “चालू द्या.”

पुढे एका पाळीत, यंत्राने खडकातून कापून काढलेली कांडी नानांनी पाण्याने धुतली. राखाडी दगडात तांब्याच्या पिवळ्याधमक खनिजाचा जाड पट्टा होता. नानांनी ती कांडी कपाळाला लावली आणि माझ्या हाती दिली.

शीर पूर्वेला वळली होती, असे मी अहवालात लिहिले. यंत्र ठरल्या दिशेला का नव्हते, तेही लिहिले. खाण पुढे अनेक वर्षे चालली. नाना तिथूनच निवृत्त झाले. त्या घटनेला काय म्हणावे, याचा निवाडा मी करीत नाही. त्या माउलीचे ऋण मात्र रोज आठवतो. इतकी वर्षे यथासांग पूजा केल्या. तरी माझ्या हातून एखादी खरी घडली असेल, तर यंत्र थांबवण्यासाठी उचललेला हात मी खाली घेतला, तीच.