चार की पाच कणसं

स्क्रुप्युलस हा शब्द मी ऐकला तो साठी उलटल्यावर, आणि तोही ज्वारीच्या बांधावर. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून आलेलं.

राहुरीजवळ एक मुलगी ज्वारीच्या वाणांचा अभ्यास करत होती. लहान लहान वाफे, प्रत्येकाला नंबर. आम्ही बायका कणसं खुडायचो, ज्या त्या वाफ्याचं पोतं वेगळं. मग ती वजन करून वहीत लिहायची, म्हणजे कोणतं वाण किती पिकतं ते कळायचं. तिच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं. घरी आई आजारी, हिच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली.

आता आमच्यात धान्य मोजून दिलं की वर मूठभर टाकायची रीत. माझा हात त्याच वळणाचा. एखादं पोतं हलकं दिसलं की शेजारच्या भरल्या पोत्यातली कणसं मी त्यात सरकवत गेले. बिचारा वाफा, म्हटलं.

दुपारी भाकरी खाताना मीच हे बोलून गेले, वर हसलेही. मुलगी हसली नाही.

"मावशी, किती पोत्यांत?"

"आसतील पाच-सा. लई न्हाई."

"कोणत्या? आणि प्रत्येकात किती कणसं?"

शेजारची बाई मला कोपरानं ढोसत पुटपुटली, "चार-चार म्हन की! सरकार काय कनसं मोजाया येतंय व्हय?"

मुलीची पेन्सिल वहीवर थांबलेली. मी कुठलीही पाच पोती दाखवून चार म्हटलं असतं तर तेवढं वजा करून ती मोकळी झाली असती. शब्द अगदी ओठावर आला माझ्या. पण म्हटलं, "चार आसतील, पाचबी आसतील. खरं सांगू का पोरी, मला न्हाई आठवत. पोतीबी न्हाई आठवत."

तिनं त्या हंगामाच्या सगळ्या पानांवर तिरप्या रेघा मारल्या. खाली लिहिलं, ते वाचूनही दाखवलं: 'कणसांची सरमिसळ झाली. मजुरांना आधी नीट सांगितलं नव्हतं, चूक माझी.'

दोन दिवसांनी म्हणाली, "विद्यापीठातले सर म्हणाले, तू फार स्क्रुप्युलस आहेस."

"म्हंजी? चांगलं का वाईट?"

"त्यांच्या बोलण्यात दोन्ही होतं."

"प्रामानिक म्हनायचं की मग."

"प्रामाणिक माणूस विचारल्यावर खरं सांगतो, मावशी. स्क्रुप्युलस माणसाला कुणी विचारावं लागत नाही. बारीकशी शंकासुद्धा त्याला टोचत राहते."

हा अर्थ मी घरी येऊन नातीच्या वहीमागं लिहून ठेवला.

पुन्हा पेरणी करायची म्हणून ती वर्षभर इथंच राहिली. दिवाळीच्या आधी तिची आई गेली. शेवटचं भेटणं झालं नाही.

ज्वारी काढायला आली तेव्हा मी धीर करून बोलले, "त्या दिवशी मी चार म्हनले आस्ते, तर तू आईपाशी आस्तीस गं."

हातातल्या रिकाम्या पोत्यावर नंबर लिहून झाला, तरी ती त्याच्याकडंच बघत होती.

मग म्हणाली, "चला मावशी, ऊन व्हायच्या आत खुडून घेऊ."