नानांची दाढ

सांगतो, पण एका अटीवर. मी दातांचा डॉक्टर आहे, हे ऐकताना विसरायचं नाही. कारण मध्येच तुम्हाला वाटेल, छे, हा माणूस डॉक्टर असणं शक्यच नाही!

चोपड्यात माझा दवाखाना आहे आणि समोरच नानांचं घर. नाना रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचे, डावा हात गालावर ठेवून. दाढ दुखायची त्यांची. कधी जीव घ्यायची, कधी आठवडाभर गप्प. पण आत येऊन तोंड उघडतील तर शपथ. समोरच्या दारातून त्यांची बायको, आमची अक्का, ऐकवायची, "बठ्ठं नाटक शे!" सगळं नाटक आहे म्हणे. नाना हसायचे आणि घरी जायचे. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. दाढ दाखवायची राहिली ती राहिलीच.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी घागर भरतात आणि त्याच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. अक्का म्हणाली, तू बस. नानांची ऊठबस माझ्याच ओट्यावर, त्यामुळे मला नाही म्हणवेना. माझे पाय धुतले, गंध लावलं, आणि नानांच्या जागेवर, नानांच्याच पाटावर बसवलं. आमरस, खापरावरची पुरणपोळी, कुरडया. मी जेवतोय आणि अक्का समोर बसून बघतेय. माझ्याकडे नाही हो. माझ्या आत कुणी बसलंय आणि ती त्याला बघतेय, असं. मला पोळी गिळवेना.

शेवटी तिनं पानावर सुपारी ठेवली. अख्खी. नानांना अडकित्ता लागत नसे, ते दाढेखाली धरून फोडायचे. आता मी रोज पेशंटना बजावतो, सुपारी दातानं फोडू नका. पण पितराला कोण बजावणार? घेतली डाव्या दाढेखाली आणि दिला जोर. कट्!

"अक्का, फुटली बरं सुपारी!" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. अक्काचे डोळे भरून आले. मला सुपारी आवडत नाही, म्हणून ती हळूच पानात टाकली, वर कुरडई झाकली आणि उठलो.

दोन-तीन दिवसांनी भाकरी खाताना मस्तकात कळ गेली. आणि कळ कशी, ऐका. घास चावताना काही नाही. चावून दात उघडताना! जणू खालून कुणी धरलंय आणि सोडायला तयार नाही. पुढचा घास एकदम ठीक. दुसरा दिवसही ठीक. आता गेलं म्हणून बिनधास्त चावावं, तर पुन्हा.

आमच्या सिस्टरला एक्स-रे काढायला सांगितलं. स्वच्छ निघाला. कीड नाही, सूज नाही. आरशाच्या दांड्यानं दाढ ठोकून पाहिली, ढिम्म. बाहेर वैशाखातली दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि मी तो स्वच्छ एक्स-रे हातात धरून घामाघूम. दाढ कुठली, सांगू? खालची डावी. नानांचा हात असायचा तिथलीच.

त्या संध्याकाळी ओट्यावर वारा खात बसलो होतो. समोरच्या दारात अक्का आली, माझ्याकडे पाहिलं आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला. मी तिच्या लेकासारखा. मला बघून ती पदर कशाला घेईल? मग माझ्या लक्षात आलं. माझा डावा हात गालावर होता.

अक्का रस्ता ओलांडून आली. बसली नाही, उभीच राहिली.

"दुखस का?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. "मी जन्मभर नाटक म्हनू त्यासले. आते तुन्हा तोंडे दखाडी ऱ्हायनात माले. हाई दाढ थांबत नही तोपावत माले जेवन नको."

नाना माझ्या तोंडून तिला दाखवून देताहेत, असं तिचं म्हणणं. मी शिकलेला माणूस. मी तिथल्या तिथं सांगायला हवं होतं की असलं काही नसतं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अक्का, त्यांना काही निरोप द्यायचाय का?"

अक्कानं खरंच जेवण सोडलं. चहा आणि एखादं केळं, बस. चालताना भिंत धरायला लागली. माझ्या मनाला ते फार लागलं, पण करणार काय? मी आपला ताटातला पहिला घास नानांच्या नावानं बाजूला काढत होतो. बायको काही दिवस ते गुपचूप बघत राहिली. मग म्हणाली, "भगताकडे जायचं तर जा, पण आधी दातांच्या डॉक्टरला दाखव."

"मीच आहे," मी म्हणालो.

"दुसऱ्या," ती म्हणाली.

धुळ्याला वैशालीचा दवाखाना आहे. आम्ही एका वर्गात शिकलो. तिनं मला खुर्चीत आडवं केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चावताना दुखतं की सोडताना?"

"सोडताना," मी कुजबुजलो. "तेच तर! ते धरून ठेवतात."

"कोण?"

"नाना."

तिनं हातातला आरसा खाली ठेवला. मग दाढेच्या एकेका टोकावर प्लास्टिकची छोटी काडी ठेवून चावायला लावलं. मागच्या टोकावर तिनं "सोड" म्हटलं आणि मी खुर्चीतून उडालो. मग तिनं दिवे घालवले, दाढेच्या कडेला बारीक उजेड लावला आणि मला आरशात बघायला सांगितलं. अर्धी दाढ उजळली होती. मधे एका रेषेपाशी उजेड थांबला होता, पलीकडे काळोख.

"भेग आहे," ती म्हणाली. "एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. हे परीक्षेच्या आधी तूच मला समजावलं होतंस. तू चोपड्यात नक्की करतोस काय?"

नशीब, आतली नस शाबूत होती. दाढ घासून वर तात्पुरती कॅप बसवली, पक्की पुढच्या खेपेला. चावलं, सोडलं. काही नाही. नाना गेले!

चोपड्याला उतरलो तो थेट अक्काकडे. सगळं समजावलं. चावताना भेग फाकते, सोडताना मिटते, म्हणून कळ येते. रोज दातानं सुपारी फोडणाऱ्या नानांचं दुखणंही बहुतेक हेच असणार.

"म्हंजे त्यासनी दाढ खरंच दुखे?"

खोटं बोलता आलं असतं. "खरंच दुखत असणार, अक्का," मी म्हणालो. "पण आता नाही दुखत." ती तोंडाला पदर लावून बराच वेळ रडली. मग उठली, भाकरी थापली आणि माझ्यासमोर पोटभर जेवली.

हात धुऊन तिनं नानांच्या फोटोपुढची एक डबी आणून माझ्या हातात दिली.

"हाई धर. आखाजीले तू उठना तवय तुन्हा पानमा व्हती. माले वाटनं, त्यासनी लिधी नही."

नानांनी ती घेतलीच नाही, असं वाटून तिनं पानातून उचलून ठेवली होती. डबी उघडली. आत हळदकुंकू लावलेली सुपारी. अख्खी. साधा ओरखडाही नाही.

आयुष्यभर लोकांच्या दातांतल्या भेगा शोधल्या हो मी. आणि स्वतःची दाढ फुटली, तेव्हा भरल्या पानावर बसून मोठ्यानं काय सांगितलं? "अक्का, फुटली बरं सुपारी!"