आमच्या सरांचा अव्वल जंतू

अख्ख्या नवी मुंबईत जंतूंना आमच्या सरांइतक्या मानानं वागवणारा दुसरा माणूस सापडला, तर माझं नाव बदला. नव्वदच्या दशकात महाप्याच्या एका प्रयोगशाळेत ते माझे साहेब होते. काचेच्या बशांत जंतूंचे ठिपके वाढायचे आणि सर रोज सकाळी त्यांना विचारायचे, "काय मंडळी, झोप झाली का?" माणसांची अशी चौकशी करायचं त्यांना कधी सुचलं नाही. मला ताप आला तेव्हा म्हणाले, "अडतीस सेल्सिअस? आमच्या मंडळींना मानवला असता हो."

आम्हाला भरपूर पिवळा रंग तयार करणारा जंतू हवा होता. आधी आम्ही तो नुसत्या नजरेनं निवडायचो. सरांना ते पटेना. "जेवण झालं की डोळे खोटं बोलतात," म्हणायचे. म्हणून त्यांनी काचेच्या टेबलाखाली निळा दिवा, वर कॅमेरा आणि शेजारी कॉम्प्युटर असं एक यंत्र जमवलं. पिवळा रंग निळा उजेड गिळतो, म्हणून जो ठिपका सगळ्यांत काळा दिसेल तो अव्वल. हेड ऑफिसचे साहेब ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर विभाग राहणार, नाहीतर सरांसकट गुंडाळणार.

नेमका मध्ये दसरा आला. आम्ही पडलो साताऱ्याकडचे, आमच्यात विळीपासून सायकलीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मग यंत्रानं काय घोडं मारलं होतं? काचेला हात लावायचा नाही अशी सरांची ताकीद होती, तरी सर जेवायला गेल्यावर मी गुपचूप काचेवर चिमूटभर कुंकू लावलंच.

दसऱ्यानंतर साहेब आले. पहिल्या बशीत कॉम्प्युटरनं एक अव्वल ठिपका दाखवला. दुसऱ्या बशीत त्याच जागी, तिसरीतही तिथंच. साहेब खूश. "वा, प्रत्येक बशीत टॉपर!" सरांनी बशी उचलली, काचेवर बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट साहेबांपुढं धरलं. "हा जंतू नाही, कुंकू आहे. तेही निळा उजेड गिळतं. तिन्ही निकाल रद्द."

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही.

"कोणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले. उदबत्तीच्या वासानंसुद्धा शिंका येणारा हा पक्का नास्तिक! "आमच्यात पद्धत आहे."

विभाग बंद झाला. सरांची नोकरी गेली, मला दुसऱ्या विभागात घेतलं. सरांच्या निरोपाच्या दिवशी खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी चहा घेऊन गेले. तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "काही बोलू नकोस. नोकरी टिकव."

मी टिकवली. त्या नोकरीवर धाकटा भाऊ शिकला, घर उभं राहिलं. सरांना हे कळवायला हवं होतं. ते राहूनच गेलं.